अकरा वेळा परत

'परत. पान दोन, रकाना चार.'

खिल्लारे सरांचा निरोप एवढाच असायचा. वर नमस्कार नाही, खाली धन्यवाद नाही. आमच्या जिल्ह्यात ज्या शिक्षकाची म्हणून कॉम्प्युटरवर बोटं चालतात, त्याने हा निरोप एकदा तरी वाचलेला आहे. मीही वाचला, चार वेळा. पाचव्या वेळी फाइल मंजूर झाली तेव्हा मी घरी शिरा केला. नवऱ्याला वाटलं, मी मुख्याध्यापक झाले.

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. सरकार शाळांकडून सतत तक्ते मागतं: निकालाचा, खिचडीच्या तांदळाचा, हजेरीचा. ते हाताने भरून वैतागलेला एखादा शिक्षक एक्सेलमध्ये अशी फाइल तयार करतो, की मुलांची नावं आणि गुण एकदा भरले की निकालपत्रकापासून प्रगतिपुस्तकापर्यंत सगळं आपोआप निघतं. आम्ही तिला सॉफ्टवेअर म्हणतो. शहरातले इंजिनियर हसतील. हसू देत. त्या फाइलींनी आमच्या कितीतरी सुट्ट्या वाचवल्या आहेत.

अशा फाइली या फोनवरून त्या फोनवर फिरायच्या आणि हरवायच्या. सरांनी त्यांच्यासाठी साईट काढली. ज्याला जमेल त्याने फाइल टाकावी, ज्याला हवी त्याने फुकट न्यावी, अडलं तर खाली विचारावं. मी तेव्हा त्यांच्याच शाळेत होते, म्हणून साईटचा पासवर्ड दोघांकडे ठेवला. "मी मेलो बिलो तर कुनाला तरी उघडता आली पायजे मॅडम," ते म्हणाले. तेव्हा ते पन्नाशीत होते. मी हसले होते.

शिरड शहापूरला त्यांचं घर. उंच, वाळका माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि करदोड्याच्या काळ्या दोऱ्याला बांधलेला पेनड्राइव्ह. खुर्चीवर पाय लोंबत ठेवून त्यांना विचार करता येत नसे. त्यामुळे कॉम्प्युटर चौरंगावर आणि सर त्याच्यासमोर मांडी घालून, पंगतीला बसल्यासारखे. टाइप करायचे एका बोटाने. शाळेतल्या पोरांचं गणित ज्या बोटाने तपासायचे त्याच.

सुरुवातीला साईटला फाटक नव्हतं. कोणीही यावं, काहीही टाकावं. पहिल्याच उन्हाळ्यात वसमत तालुक्यातल्या एका लहान शाळेतल्या गुरुजींनी तिथली निकालाची फाइल घेतली. त्या फाइलीत एक बटण होतं: नावं अकारविल्हे लावा. गुरुजींनी दाबलं. नावं खालीवर झाली, गुण जागच्या जागी राहिले. सबंध वर्गाची प्रगतिपुस्तकं एकमेकांच्या गुणांनी छापली गेली आणि वाटलीही गेली.

फाइल सरांची नव्हती. पण आपल्या साईटवरून गेली, म्हणून मे महिन्याच्या उन्हात ते मोटारसायकल घेऊन त्या गुरुजींबरोबर दोन दिवस घरोघर फिरले. चुकीची पुस्तकं परत घेतली, बरोबर दिली. एक घर बंद होतं. चौथीतली शीतल नावाची मुलगी आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेलेली. कुठल्या भट्टीवर, ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. वर्गात ती पहिली आली होती. तिच्या हातात जे पुस्तक गेलं त्यात ती शेवटून दुसरी होती.

"पोरगी काय समजली असंल मॅडम?" सर मला म्हणाले. "तिला वाटलं असंल, आपल्याला कायच येत न्हाई."

शीतलचं बरोबर प्रगतिपुस्तक त्यानंतर कायम त्यांच्या पिशवीत असायचं, प्लास्टिकच्या पाकिटात. पुढं त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण ती पिशवी घेतल्याशिवाय कुठं गेलेही नाहीत.

फाटक लागलं ते तेव्हा. नियम झाला: प्रत्येक फाइल आधी सर तपासणार, मग ती लोकांना मिळणार. आणि प्रत्येक फाइलीच्या पहिल्या पानावर तीन ओळी हव्यात. कोणी केली. काय करते. कुठं चालत नाही.

ही तिसरी ओळ लोकांना झेपायची नाही. आपणच केलेल्या वस्तूत खोट काय आहे ते आपणच, आणि तेही पहिल्या पानावर लिहायचं? आमच्यातले पतंगे सर एकदा लिहून मोकळे झाले: 'कुठेही चालते.' सरांचा निरोप आला: 'परत. अशी वस्तू जगात नाही.'

तपासायची पद्धतही त्यांचीच. आधी स्वतः तपासायचे. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक: "अवो, जरा चालवा." त्यांच्या बायको, आमच्या काकू, सातवी शिकलेल्या. पिठाचे हात पुसत यायच्या, चौरंगासमोर बसायच्या आणि फाइल उघडायच्या. त्यांना न विचारता भरता आली तर पास.

"ह्या डब्यात काय भरायचं, लिव्हलंच न्हाई कुठं," काकू म्हणायच्या.

"तुमाला काय वाटतं?"

"मला वाटून काय करता? मी वाटून चटणी करते. सर, तुमचं पोरगं नापास."

सर तेवढ्यापुरतं हसायचे आणि एका बोटाने लिहायचे: परत.

पतंगे सर चहाच्या टपरीवर सांगायचे, "खिल्लारे सरच्या साईटवर फाइल टाकन्यापरीस बदलीचा अर्ज भरलेला बरा. तिथं निदान साहेब तरी भेटतो, इथं काकू नापास करतेत."

चेष्टा खरी होती. फाइली कमी होत गेल्या. आधी दिवसाला यायच्या, मग आठवड्याला, मग महिन्याला एखादी, आणि तीही त्याच चार-पाच जणांची. पण जी होती ती डोळे मिटून घ्यावी अशी. परभणी, नांदेड, वाशीमचे शिक्षक आमच्या साईटवरून फाइली न्यायचे, कारण तिथलं चुकत नाही. मी म्हटलं, "सर, नवीन कोनी येईना गेलं." ते म्हणाले, "कमी हाय, पण बराबर हाय." यावर मी वाद घातला नाही. मला वेळही नव्हता, आणि तेव्हा पटतही होतं.

मग पल्लवी राठोडची फाइल आली.

कनेरगाव नाक्याच्या पुढं आत एका तांड्यावर दोनशिक्षकी शाळा होती. पल्लवी तिथं नवीन लागलेली, स्वतःही तांड्यावरचीच. दिवाळी झाली की तिचा अर्धा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. तिने फाइल केली होती ती या मुलांसाठी. कोणतं मूल कुणाबरोबर, कोणत्या गावाला गेलं, तिथल्या कोणत्या शाळेत बसलं, कधी परत आलं, हे सगळं तिच्यात. शिवाय प्रत्येकाचं एक कार्ड छापून निघायचं, मुलाने बरोबर न्यायला.

सर फाइलीवरून कधी फोन करत नसत. त्या दिवशी केला. "मॅडम, ही फाइल त्या टायमाला असती तर शीतल सापडली असती."

आणि फोन ठेवून त्यांनी लिहिलं: 'परत. पान एक. तिसरी ओळ नाही.'

पल्लवीने ओळ घातली. परत: तारीख उलटी लिहिली तर फाइल अडत नाही. तिने दुरुस्त केलं. परत: कार्डावरचं अक्षर बारीक. परत: काकूंना पान तीन सापडलं नाही. आमच्या साईटवर मंजुरीआधी फाइल उघडत नसे, पण तिचं पान आणि हे निरोप सगळ्यांना दिसायचे. चौथ्या-पाचव्या परतीनंतर लोक तिच्या फाइलीखाली जमायला लागले, आखाड्याभोवती जमतात तसे. 'आज कोणता रकाना?' 'राठोड मॅडम, काकूंची शिकवणी लावा.' सर सुप्रभातचे फोटो तेवढे काढून टाकायचे. हे टोमणे राहू द्यायचे. हे नियमात बसत होतं.

सातव्या वेळी मी त्यांच्या घरी गेले. "सर, पोरगी नवी हाय. फाइल चांगली हाय. जाऊ द्या आता."

"चांगली हाय म्हनूनच मागं लागलो ना. फालतू असती तर एकदा परत करून इसरलो असतो."

"हे तिला सांगितलं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं की दोन अधिक दोन चार होतात हे पोरांना सांगितलं का. "समजंल की तिला. हुशार हाय."

अकराव्या वेळी त्यांनी लिहिलं: 'परत. पान तीन. गाव लिहिल्यावर तालुका आपोआप यायला पाहिजे. हाताने का?'

खाली पल्लवीचं उत्तर: 'तुमचं बरोबर आहे सर.'

त्याच दिवशी तिने फाइल काढून घेतली. आमच्या साईटवर मालकाने फाइल काढली तरी तिचं नाव, मालकाचं नाव आणि 'परत' हा शिक्का तसाच राहतो. आत मात्र काही उरत नाही.

सर बाराव्या फाइलीची वाट पाहत राहिले. पहिला महिना तर त्यांना शंकाही आली नाही. "करून राहिली असंल. तालुक्याचं काम किचकट हाय," म्हणायचे. मग विषय काढायचे बंद झाले. पण साईट उघडली की आधी तिचंच पान उघडायचे, हे मला दिसायचं. अकराही फाइली त्यांनी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवल्या होत्या.

"मग तुमीच सुधारा अन् टाका की," मी म्हटलं. "पोरांच्या कामाची वस्तू हाय. पडून काहून ठेवायची?"

"ज्याची फाइल त्यानंच टाकायची. दुसऱ्याचं लेकरू आपल्या नावानं शाळेत घालत असतेत काय?"

"मग फोन करा तिला."

"काय म्हनू?"

याचं उत्तर मी देऊ शकले असते. दिलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला फोनवर काय बोलायचं ते मी शिकवायचं, हे मला पटलं नाही. यात तीन वर्षं गेली.

नंतर त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस. पाणी मोजून, चहा अर्धा कप. साईट माझ्याकडे आली आणि मी फाटक काढून टाकलं. मी व्यवहारी बाई आहे. माझी शाळा, माझं घर आणि वर लोकांच्या फाइलींना चाळण लावत बसायचं, हे मला जमणार नव्हतं. शिवाय मनात होतंच, की बघू या, लोक येतात का.

आले. पावसाळ्यात माशा येतात तसे आले. एकाच निकालाच्या फाइलीवर आपापला फोटो चिकटवून नऊ जणांनी ती टाकली. कोणी पासवर्ड घातलेली फाइल टाकून 'पासवर्डसाठी फोन करा' म्हणून लिहिलं. कोणाची उघडली की कॉम्प्युटरच बंद पडायचा. आणि जे चार-पाच जण जीव लावून काम करायचे, ते एकेक करून गप्प झाले. त्यांच्या फाइली त्या ढिगात दिसतच नव्हत्या.

सरांचा नांदेडहून फोन यायचा. मागं मशीनचा आवाज.

"किती आल्या मॅडम?"

"लई आल्या सर."

"चालत्या किती?"

मी सांगत नसे.

पण त्याच दिवसांत, फाटक नसल्यामुळेच आलेल्या नव्या लोकांतल्या बीडकडच्या कुठल्याशा शिक्षकाने लिहिलं: 'ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी एखादी फाइल आहे का? माझी सोळा मुलं गेली आहेत.' त्याच्याखाली कोणी तरी उत्तर दिलं: 'हिंगोलीच्या राठोड मॅडमनी केली होती. छान होती म्हणे. आता सापडत नाही.'

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "मॅडम, कनेरगावला जायचं. गाडी काढता का?"

डायलिसिस नसलेला वार धरून निघालो. औंढ्यावरून हिंगोली आणि पुढं वाशीम रस्त्याने. पिशवी मांडीवर घेऊन सर पुढच्या सीटवर. वाटेत एकच वाक्य बोलले: "तूर बरी दिसून राहिली."

पल्लवी शाळेच्या दारातच उभी होती. मी आदल्या दिवशी कळवलं होतं. ती आता नवी राहिली नव्हती. खांदे भरले होते, आवाज वर्गाला पुरेल असा झाला होता. सरांना पाहून मात्र चपापली. डायलिसिसने माणूस कसा होतो ते तिला माहीत नसावं.

"सर, तुमी कशाला तकलीफ घेतली? मीच आले असते."

"तुमी आल्या असत्या काय?"

तिने आत वळून चहा सांगितला. चहा आला, पूर्ण कप. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे न पाहता सगळा प्याला.

मग पिशवीतून एक कागद काढून तिच्यापुढं ठेवला. छापलेला, त्यांच्या त्याच तीन ओळींचा, पण साईटबद्दल. मी उलट्या बाजूने वाचला. कोणी केली: खिल्लारे. काय करते: शिक्षकांच्या फाइली तपासून लोकांना देते. तिसऱ्या ओळीपुढं लिहिलं होतं: 'कुठं चालत नाही: नवीन माणूस आला तर. कारण तपासणाऱ्याला चूक तेवढी सांगता येते.'

पल्लवीने कागद दोनदा वाचला. घडी घातली. मग म्हणाली, "सर, एक बोलू का?"

"बोला."

"अकराव्या बारीला माझं चुकलं नव्हतं."

सरांनी मान वर केली.

"गाव लिव्हलं की तालुका आपोआप यावा, म्हनलात तुमी. पन एकाच नावाची गावं चार-चार तालुक्यांत हायेत. पिंपळगाव किती हायेत, सांगा बरं. आपोआप आला असता तर लेकरू एका जिल्ह्यात अन् कार्ड दुसऱ्याच. मनून म्या मुद्दाम हातानं लिव्हायचं ठेवलं व्हतं. तिसऱ्या ओळीत लिव्हलं बी व्हतं."

सरांचं बोट मांडीवर हलत होतं, गणित तपासताना हलायचं तसं. बरंच तपासलं. मग म्हणाले, "बराबर हाय." जरा वेळाने, "मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमाला कोन सांगनार, सर?"

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती सहज म्हणाली.

बाहेर मुलं पाढे म्हणत होती. सरांनी शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला, काळ्या दोऱ्यासकट, आणि टेबलावर ठेवला. "अकराच्या अकरा हायेत. तुमी काढून टाकली असंल."

"त्याच दिवशी, सर. घरच्या कॉम्प्युटरमधून बी."

"मंग ही घ्या. अकरावी टाका. जशी हाय तशी. अन् जमलं तर साईट बी तुमीच सांभाळा. हे मॅडमला विचारूनच म्हनून राहिलो."

त्यांनी मला विचारलेलं नव्हतं. मी मान हलवली.

पल्लवी हसली, पाहुण्यापुढं हसावं तशी. "न्हाई सर. आता त्याच्यात जीव लागत न्हाई. मी वहीत लिव्हते लेकरांचं. माझ्यापुरतं चालतं."

आम्ही उठलो. गाडीपर्यंत गेलो, मी चावी लावली, तर ती मागून भरभर आली. हातात पेनड्राइव्ह. "सर, हे ऱ्हायलं तुमचं." सरांनी खिडकीतून हात बाहेर काढून घेतला. तिने वाकून त्यांच्या पायांकडे हात नेला, पण गाडीचं दार बंद होतं. तिने दाराला हात लावून कपाळाला लावला.

दीड महिन्याने सर गेले. काकूंनी पिशवी माझ्याकडे दिली: शीतलचं प्रगतिपुस्तक, दोन पेनं, पेनड्राइव्ह. मी पल्लवीला फोन केला. ती रडली, मी रडले नाही. दोघींपैकी एकीने बोलणं भाग होतं. फाइलीचं विचारलं तर म्हणाली, "तुमी टाका मॅडम. माझं नाव नका टाकू." नावाशिवाय फाइल चढत नाही, हा सरांचा नियम. तो मी अजून मोडलेला नाही. फाटक पुन्हा लावलं आहे. आता मी परत असं लिहीत नाही, फोन करते. फाइली थोड्या येतात, थोड्या चुकतात. हे बरं की ते बरं, मला विचारू नका.

सरांचं मला शेवटचं जे आठवतं ते हॉस्पिटलमधलं नाही. त्या दिवशी परतताना कनेरगाव नाक्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. ढाब्याच्या बाजेवर बसले. मी माझ्यासाठी चहा मागवला. त्यांनी हात हलवून नको म्हटलं, त्यांचा दिवसाचा संपला होता. ट्रक जात होते, धूळ उडत होती. त्यांनी फोन काढला, डोळ्यांजवळ नेला आणि एका बोटाने बराच वेळ काही तरी करत राहिले. मी धरू का विचारलं, तर म्हणाले, "धरू नगा. झालंच."

मग फोन माझ्यापुढं केला. पल्लवीचं पान होतं. नाव तेच, अकरावी फाइल, आत काही नाही. 'परत'चा शिक्का काढून तिथं त्यांनी 'मंजूर' केलं होतं.

ते आजही तसंच आहे. अधूनमधून कोणी तरी खाली लिहितं, फाइल उघडत नाही. मी उत्तर देत नाही.

"चला मॅडम," सर म्हणाले. बाजेची कड धरून उठले, पिशवी घेतली आणि गाडीकडे चालायला लागले.